तेल लावायला घेतलं की बाळ रडतं: काय काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी रडणं कसलं आहे ते बघा, कारण मालिशच्या वेळचं सगळं रडणं एकसारखं नसतं आणि त्यावरूनच पुढचं अर्धं कळतं. काही बाळं झबलं काढल्या काढल्याच सुरू होतात, अजून तेलाचं बोटही लागलेलं नसतं. काहींना हात लागला की अंग ताठ होतं, मुठी आवळतात, पाय पोटाशी घेतात. काही पहिली पाच मिनिटं मजेत असतात, मग मान फिरवतात, जांभया देतात, उचकी लागते आणि मग एकदम भोकाड. काही फक्त एकाच जागी हात गेला की कळवळतात, बाकी अंगाला काहीही करा. काहींची मालिश शांतपणे होते पण पायावर घेऊन पहिला तांब्या ओतला की आकांत. कुणाचं मालिश झाल्यावर पाच मिनिटांत प्यायलेलं सगळं दूध बाहेर, आणि कुणाला त्या वेळी काहीच होत नाही पण संध्याकाळपर्यंत मानेच्या वळ्यांत, काखेत, जांघेत लाल पुरळ उठतं.

तुमच्या बाळाचं यातलं कुठलं ते दोन दिवस नीट बघा आणि कागदावर लिहा, वेळेसकट. कधी प्यायलं, कधी झोपून उठलं, कधी तेल लावलं, कितव्या मिनिटाला आणि कुठे हात असताना रडलं. हा कागद पुढे लागणार आहे.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, माझी दोन, बहिणीची जुळी आणि बिल्डिंगमधली, नात्यातली मिळून बरीच बाळं या हातांखालून गेलीत, आणि दर दोनतीन महिन्यांनी कुणाचा तरी हाच फोन येतो. मागच्या महिन्यात मुलुंडहून चुलत जावेच्या सुनेचा आला, "काकू, तेल लावायला घेतलं की हा रडून रडून लालबुंद होतो, आई म्हणतात रडू दे, छाती मोकळी होते, मला बघवत नाही." हे छाती मोकळी होण्याचं मी शंभरदा ऐकलंय आणि तसं नसतं. जन्मल्यावरचं पहिलं रडणं वेगळं, तेव्हा फुफ्फुसात पहिल्यांदा हवा भरते, ते काम तिथेच झालं. दीड महिन्याचं बाळ मालिशला रडतंय म्हणजे त्याला काहीतरी नकोय किंवा दुखतंय, आणि ते काय हे शोधायचं.

खाली लिहिलंय त्याच क्रमाने तपासा. वरच्या गोष्टींना एक पैसा लागत नाही आणि बहुतेक बाळं मी पहिल्या दोनातच शांत झालेली बघितलीत. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोनतीन दिवस थांबा, मग पुढची. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला तेच कळत नाही.

पहिलं घड्याळ

आपल्याकडे मालिशची वेळ बाळ ठरवत नाही, तेल लावायला, न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई ठरवतात, आणि बाईंना चार घरं करायची असतात, त्यात कुठे नळाला पाणी सकाळी ठरावीक वेळीच येतं, त्यामुळे त्या येतील तेव्हा बाळाला उचलायचं, मग ते झोपेत असो, भुकेलं असो नाहीतर पोट भरून नुकतं ढेकर दिलेलं असो. मुलुंडला मी सकाळी जाऊन नुसती बसले. बाई सव्वादहाला यायच्या. बाळ दहाला प्यायला लागायचं, अर्धं पिऊन डोळे मिटायला लागायचे आणि तेवढ्यात बेल. म्हणजे अर्धपोटी, अर्धवट झोपेत, आणि पोटात आहे ते दूधही ताजं. रडेल नाहीतर काय करेल!

प्यायल्यावर पाऊण तास ते तासभर थांबायचं. लहान बाळांची अन्ननळी आणि जठर यांच्यामधली झडप अजून ढिली असते, पोट भरलेलं असताना पोटावर हात फिरला किंवा पालथं घातलं की दूध वर येतं. ज्यांचं मालिशनंतर दूध बाहेर पडतं त्यांनी बाकी काही करायच्या आधी हे करा. आणि भुकेल्या बाळालाही घेऊ नका. झोपून उठलंय, लंगोट बदललाय, डोळे टकटकीत आहेत, हातपाय हलवतंय, ती वेळ. बाईंना विनंती करा. मुलुंडच्या बाईंनी यांचं घर शेवटी घेतलं, साडेअकराला, तिसऱ्या दिवशी बाळ त्यांच्याकडे बघत पडून होतं. बाईंना जमतच नसेल तर आईने किंवा बाबाने स्वतः करा, बाबाचे हात चालतात, काही अवघड नाही त्यात.

दुसरं पंखा, हात, आणि बाळाखालची जागा

मुंबईच्या घामात बाळाला गार लागेल हे कुणाला पटत नाही पण लागतं. मोठ्या माणसापेक्षा बाळाचं अंग पटकन गार होतं, वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त असते, त्यात उघडं अंग, तेल आणि डोक्यावर पाचवर चाललेला पंखा. झबलं काढल्या काढल्या रडणाऱ्या बाळाचं बहुतेक वेळा हेच असतं. तेवढी पंधरा मिनिटं पंखा बंद, एसी असेल तर दहा मिनिटं आधी बंद, आणि ज्या भागाला तेल लावताय तेवढाच उघडा, बाकीच्यावर दुपटं. काही बाळं कपडे काढल्यावर दचकतात, हात एकदम बाजूला फेकतात, जणू पडतोय असं वाटतं त्यांना, पहिल्या काही महिन्यांत ते साहजिक आहे. त्यांचे दोन्ही हात छातीवर जवळ घेऊन त्यावर आपला तळवा नुसता ठेवा, मनात वीसपर्यंत मोजा, मग सुरू करा.

मग हात. आमच्या शेजारच्या एका बाळाच्या मांडीवर रोज नवा बारीक लाल ओरखडा दिसायचा, घरच्यांना वाटलं डास, मच्छरदाणी आणली, मलमं झाली. मी आजीचा हात हातात घेऊन बघितला तर अंगठीतला खडा बसवलेलं टोक जरासं वर आलेलं. स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा, लगेच कळतं. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, नखं कापा, हात साबणाने धुवा, आणि गार असतील तर एकमेकांवर चोळून गरम करा.

जागा म्हणजे जमीन. सतरंजी, वर जाड गोधडी, वर जुनी मऊ साडी. पलंगावर नको, टेबलावर तर नकोच, तेलातलं बाळ हातातून माशासारखं सुटतं. फोन वाजला तरी एक हात बाळावरून उचलायचा नाही.

तिसरं बाळ काय सांगतंय

हे सगळ्यात जास्त राहून जातं. मान दुसरीकडे फिरवणं, जांभया, उचकी, भुवया आखडणं, हाताची बोटं पसरून ताणणं, हे सगळं 'बस झालं' असतं. इथेच थांबलात तर रडण्याची वेळ येत नाही. ज्यांची बाळं पाच मिनिटांनी भोकाड पसरतात त्यांनी चौथ्या मिनिटाला थांबा, दुपट्यात गुंडाळा, छातीशी घ्या. उद्या पाच होतील. पहिल्या महिन्यात पाचदहा मिनिटं, नंतर पंधरा, एवढी मालिश पुरते. तासभर रगडून बाळ जास्त बाळसं धरत नाही.

सुरुवात पायांपासून करा. पाय बहुतेक बाळांना चालतात. डोकं, चेहरा सगळ्यात शेवटी, आणि चेहरा नको असेल तर सोडून द्या. गालाला हात लागला की बाळ प्यायला मिळेल म्हणून तोंड वळवतं आणि दूध न मिळाल्याने चिडतं, तो त्याचा हट्ट नसतो.

चौथं जोर आणि दिशा

दोन्हीकडून चुकतं. नवी आई घाबरून इतका हलका हात लावते की बाळाला गुदगुल्या होतात आणि ते अंग आखडतं, आणि सवयीचा हात इतका जोरात पडतो की कातडी लाल होते. अमेरिकेतल्या मायामीच्या मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांनी कमी दिवसांच्या, म्हणजे दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या बाळांवर मालिशचं बरंच काम केलंय, १९८६ साली त्यांनी दाखवलं की मालिश केलेल्या बाळांचं वजन जास्त वाढलं, आणि पुढे हेही दिसलं की अगदी हलक्या स्पर्शापेक्षा मध्यम दाब बाळांना मानवतो. मध्यम म्हणजे किती? पिकलेला चिकू हातात घेऊन अंगठा फिरवा, साल जाणवली पाहिजे पण दबता कामा नये, तेवढा.

पायाला मांडीपासून पावलाकडे लांब हात. पोटावर, बेंबीची नाळ पडून जागा कोरडी झाल्यावरच, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल, कारण मोठं आतडं त्याच दिशेने जातं, बाळाच्या उजवीकडून वर, आडवं, मग डावीकडे खाली. उलटं फिरवलं तर गॅस पुढे कसा सरकणार. मग दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून हलकेच पोटाशी, सायकलसारखं. पाठीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी हात न्यायचा, मणक्यावर दाब नाही.

आता जे करूच नका ते. पाय ओढून सरळ करायचे नाहीत. पोटात दुमडून राहिल्याने नवजात बाळाचे पाय वाकलेलेच असतात आणि आपोआप सुटतात, ओढून बांधल्याने खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. पाय धरून उलटं लटकवणं, हात ओढून उचलणं, हवेत उडवणं, नाही. टाळूवर दाबून तेल जिरवणं नाही, पुढची टाळू साधारण वर्षदीड वर्षात भरते, ती आपण भरायची नसते, खाली मेंदू आहे, वरून नुसतं बोट फिरवा. नाक चिमटीत धरून ओढल्याने नाक सरळ होत नाही, डोकं दाबून गोल होत नाही. कानात तेल नाही, नाकात तर अजिबात नाही, नाकातलं तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरलं तर तेलामुळे होणारा न्यूमोनिया होतो आणि तो लवकर बरा होत नाही.

पाचवं तेल आणि आंघोळ

तेल पाचव्या नंबरवर ठेवलंय ते मुद्दाम. लोक पहिल्या दिवशी तेल बदलतात, बाराशेची बाटली आणतात आणि पंखा तसाच चालू असतो.

साधं खोबरेल तेल चालतं, मुंबईच्या हवेत तेच बरं वाटतं. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं म्हणून इथे एखाद्या जानेवारीतल्या पहाटेशिवाय गरम करावंही लागत नाही, आणि केलंच तर गॅसवर कढईत नाही, वाटी गरम पाण्यात ठेवून, आणि मनगटावर थेंब लावून बघून. मोहरीचं तेल नको, त्यातला झणका बाळाच्या कातडीला चुरचुरतो. ऑलिव्ह तेलाने कातडीचा वरचा थर कमजोर होतो, महाग असलं म्हणून बाळाला चांगलं असं नाही. वासाची तेलं, केशर घातलेली तेलं नकोत. कुठलंही नवं तेल आधी बाळाच्या दंडाच्या आत रुपयाएवढ्या जागेला लावून २४ तास थांबा. आणि नुसतं तेल चोळलं की कातडीचे रोग होत नाहीत असंही नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला हलकी मालिश करायला हरकत नाही असं आहे, पण कातडीचे त्रास टाळायला रोज तेल लावण्याची शिफारस नाही. म्हणून बाळाला तेल सोसत नसेल तर कोरड्या हाताने नुसतं अंगावरून हात फिरवा, मालिश तीही आहे.

संध्याकाळी पुरळ उठणाऱ्या बाळांचं बहुतेक वेळा तेल वळ्यांत राहिलेलं असतं. मार्च ते जून आणि मग ऑक्टोबरचा उकाडा, घाम वर यायची वाट तेलाने बंद होते आणि घामोळं येतं. या दिवसांत तेल एक चमचा पुरे, आंघोळीत मानेखालची, काखेतली, जांघेतली एकेक वळी बोटाने उघडून धुवा आणि टिपून कोरडी करा. वर पावडर फासू नका, ती वळीत गोळा होते आणि उडून नाकात जाते.

तांब्या ओतला की आकांत करणाऱ्या बाळाचं पाणी बघा. मोठ्यांना कोमट वाटतं ते त्याला कढत लागतं. बादलीत आधी गार पाणी मग गरम, आणि बोटाने नाही तर कोपर बुडवून बघायचं, कोपराला गरम वाटता कामा नये. पाणी खांद्यापासून खाली, तोंडावर धार नको. बेसनाने रगडून अंगावरची लव जात नाही, कातडी सोलवटते, लव तशीही काही महिन्यांत गळते. आंघोळीनंतरची धुरी बंदच करा, दहा बाय बाराच्या खोलीत खिडकी लावून ओव्याचा धूर, बाळाच्या श्वासनळ्या केवढ्याशा असतात.

सहावं, अवघड, पण टाळू नका

माझ्या मोठ्या मुलीच्या सहाव्या दिवशी न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी तिची छाती पिळली. छाती जरा फुगलेली दिसत होती, "दूध काढून टाकायला हवं नाहीतर पुढे त्रास होतो" म्हणाल्या, मी बाळंतीण, पहिलटकरीण, काही बोलले नाही. आईच्या शरीरातल्या हार्मोनमुळे मुलगा असो मुलगी असो काही नवजात बाळांची छाती फुगते, थेंबभर दूधही येतं आणि हात न लावता काही आठवड्यांत जिरतं. हे मला नवव्या दिवशी डॉक्टरांकडून कळलं, तेव्हा एक बाजू लाल, कडक, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम झाली होती, पू धरला होता, चार दिवस ॲडमिट, एवढ्याशा हाताला सुई. अजून तिच्या झबल्याची नाडी सोडतानाचा तो चटका बोटांना आठवतो. त्या बाई वाईट नव्हत्या, त्यांना शिकवलं तेच त्या करत होत्या. पण मी समोर बसून गप्प राहिले.

म्हणून बाई तेल लावताना आईने नाहीतर घरातल्या कुणीतरी समोर बसायचंच. पहिल्याच दिवशी गोड शब्दांत सांगायचं, "मावशी, छाती पिळायची नाही, नाकाकानात तेल नाही, उलटं धरायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय." डॉक्टरांचं नाव पुढे केलं की सासूबाईंनाही वाईट वाटत नाही. तरी ऐकत नसतील तर बाई बदला. सव्वा महिन्याचे पैसे आधी दिलेत म्हणून चालवून घेऊ नका.

बाळाला ताप असेल, अंगावर फोड असतील त्या दिवशी मालिश नाही. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या इंजेक्शननंतर त्या मांडीला, दंडाला हात लावायचा नाही. आणि डाव्या दंडावर बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लसीची जागा काही आठवड्यांनी फुगते, कधी पू येतो, ती तशीच असते, तेल नाही, शेक नाही, दाबणं नाही.

संध्याकाळी ठरावीक वेळी तासन् तास रडतं, बाकी छान पितं, वजन वाढतंय, असं असेल तर तो मालिशचा दोष नाही. असं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, दीड महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीनचार महिन्यांत ओसरतं. डॉक्टरांना एकदा दाखवा आणि मग धीर धरा.

इथे हात थांबवा

एकाच जागी हात गेला की कळवळणारं बाळ, त्याला घरी तपासत बसू नका, चोळू तर मुळीच नका. आमच्या मजल्यावर एक बाळ डावा हात उचलला की रडायचं, सगळे म्हणत आखडलाय, जरा जास्त तेल लावा. मी बघितलं तर दूध पितानाही तो हात अंगाला चिकटलेला, दचकलं तरी एकच हात वर जायचा. डॉक्टरांनी बघितलं, बाळंतपणात गळ्याजवळचं हाड तडकलं होतं. बाही झबल्याला पिनने अडकवून ठेवली, काही आठवड्यांत आपोआप जुळलं. आणि आम्ही रोज तिथे चोळत होतो.

तसंच एक हात किंवा पाय कमी हलतो, मांड्या फाकवताना एक बाजू अडते, जांघेत रडताना गाठ येते, छाती लाल आणि गरम आहे, बेंबीतून पू किंवा वास येतोय, तर मालिश बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. बाळ कमी दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल तर विचारल्याशिवाय सुरूच करू नका, ती लवकर गार पडतात.

आणि रात्र असो, पाऊस असो, उठून लगेच जायचं ते यासाठी: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा अंग गार पडलंय. पीत नाही, हलवून उठत नाही. झटके. शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजल्यावर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त श्वास, त्याहून मोठ्याचे पन्नास किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा. ओठ निळे. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त. टाळू फुगून वर आलेली. तळहात तळपाय पिवळे. हातातून पडलं असेल तर वरून काही दिसत नसलं तरी. मुंबईत परळचं वाडिया, केईएम, सायन, नायर, कूपर या हॉस्पिटलांपैकी जे जवळ असेल ते, नाहीतर १०८ ला फोन.

निघताना अंगावरचं तेल फडक्याने पुसून घ्या, घाईत जिना उतरताना बाळ हातातून निसटतं. तो वेळा लिहिलेला कागद आणि तेलाची बाटली पिशवीत टाका, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.